कांतोकुंच्या बाजूने लिहिलेलं पत्र

हिराइवा कांतोकु गेले हे गीता बर्वेला कळलं ते दुपारी दोन वाजता, पाळणाघराच्या स्वयंपाकघरातून बाहेर पडल्यावर. ऐंशी पोरांच्या जेवणाची भाजी चिरताना मोबाइल लॉकरमध्ये ठेवायचा, असा तिथला नियम. लॉकर उघडून बघते तर फुटबॉलच्या पालकांच्या ग्रुपवर एकशे बारा निरोप. एरवी हा ग्रुप इतका सभ्य, की नुसतं 'कळलं' म्हणायचं तरी लोक आधी दोन ओळी माफी मागायचे. म्हणजे काहीतरी भयंकर घडलंय, पोरगं तर धड आहे ना, या भीतीने तिने भराभर निरोप चाळले. पोरगं धड होतं. कांतोकु पळाले होते.

कांतोकु म्हणजे संघाचा मुख्य प्रशिक्षक. ओसाकातल्या एका खाजगी विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉलच्या संघाला हिराइवांनी अकरा वर्षं घडवलं होतं, आणि गीताचा मुलगा अंबरीष त्या संघात दुसऱ्या वर्षाला होता. त्या दिवशी सकाळी दहा वाजता टोकियोच्या एका विद्यापीठाने 'आमचे नवे कांतोकु' म्हणून हिराइवांचा हसरा फोटो जाहीर केला. साडेदहाला ओसाकाच्या पालकांना त्यांचा चार ओळींचा निरोप आला: वैयक्तिक कारणास्तव पद सोडत आहे, आजवरच्या सहकार्याबद्दल ऋणी आहे. आणि पोरांना? पोरांना काही नाही. ती बिचारी त्या वेळी व्यायामशाळेत वजनं उचलत होती, त्यांना कुणाच्या तरी मोबाइलवरून कळलं.

ग्रुपवर मग काय विचारता! ज्यांनी ऑगस्टात आरत्या ओवाळल्या, तेच आता लाखोली वाहत होते. माणूस पहिल्यापासूनच आपमतलबी होता म्हणे. हरल्यावर पोरांच्या डोक्याचा चकोट करायला लावायचा, हे काय शोभतं का म्हणे. वर्तमानपत्रांनी दोनदा त्याच्याविरुद्ध लिहिलं होतं, ते उगाच नाही म्हणे. अहो, पण तेव्हा हीच मंडळी म्हणायची, की वर्तमानपत्रवाल्यांना खेळातलं काय कळतं! कारण संघ जिंकत होता, आणि चौथ्या वर्षाच्या पोराला हिराइवांच्या एका फोनवर नोकरी लागत होती. गरज सरो आणि वैद्य मरो, ही म्हण जपानीत आहे की नाही ते गीताला ठाऊक नव्हतं, पण माणसं तर तीच होती.

तीही त्यातलीच होती, आणि तेच तिला स्टेशनपर्यंत चालताना टोचत राहिलं. तिने ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही. आपण मोठ्या मनाच्या आहोत म्हणून नव्हे, तर सगळ्यात मोठी आरती तिनेच ओवाळली होती म्हणून.

आता हे नीट सांगायचं तर थोडं मागे जायला हवं. देवदत्त, म्हणजे गीताचा नवरा, एका व्यापारी कंपनीतर्फे तीन वर्षांसाठी म्हणून ओसाकाला आला, आणि त्या तीन वर्षांची सोळा झाली. अंबरीष तेव्हा चार वर्षांचा. अंगाने आडवातिडवा, रंगाने उठून दिसणारा, आणि डब्यात थालीपीठ. शाळेत त्याच्या बाकाशेजारी कोणी बसायचं नाही. मारायचं कोणी नाही हो, नुसतं बसायचं नाही. पोरगं घरी येऊन आईच्या मागे मागे फिरत सगळं सांगायचं, आधी मराठीत, मग रडू आलं की जपानीत. गीताला त्याचं ते मागे फिरणं इतकं सवयीचं झालं होतं, की ओट्यापाशी उभी असताना ती आपसूक थोडी उजवीकडे सरकून त्याला जागा करून द्यायची.

आणि मग तो सतरा वर्षांचा असताना हिराइवांनी त्याला शाळेच्या मैदानावर पाहिलं. ते स्वतः घरी आले. चौथ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत मांडी घालून बसले, गीताने केलेले कांदेपोहे तीनदा मागून खाल्ले, आणि देवदत्तला म्हणाले की ज्या अंगाला तुमचा मुलगा लाजतो ते अंग म्हणजे माझ्या संघाची भिंत आहे, चार वर्षं तो माझ्यावर सोपवा. त्यांच्या शिफारशीवर विद्यापीठात प्रवेश मिळणार होता. गीताला हुंदकाच आला. आजवर या देशात तिच्या मुलाला कोणी 'हवा आहे' म्हटलं नव्हतं. तिने अंबरीषला म्हटलं, पाया पड. त्याने जरा आढेवेढे घेतले, तशी तिने त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला वाकवलंच. हिराइवा आधी दचकले, मग खूश झाले. पुढे ते हा किस्सा प्रत्येक मेजवानीत सांगत, की एका भारतीय कुटुंबाने माझ्या पायांवर डोकं ठेवलं. गीताला त्याचा अभिमान वाटायचा.

पुढचं दीड वर्ष सोन्यासारखं गेलं. अंबरीष पहिल्या फळीत खेळू लागला. त्याला मित्र मिळाले, त्यातही ताकुमी निशिओ नावाचा एक बारकासा, चपळ पोरगा, तो तर दर रविवारी पोळी खायला घरी. पोळीला तो 'गोल पाव' म्हणायचा आणि पाच-पाच खायचा.

मग ऑगस्ट आला. ओसाकाचा ऑगस्ट म्हणजे भट्टी. त्या दिवशी अंबरीष भर दुपारी घरी आला, चपला न काढता दारातच बसला, आणि म्हणाला की ताकुमीला अॅम्ब्युलन्समधून नेलं. सरावात दोनदा चेंडू सुटला म्हणून कांतोकुंनी त्याला शिरस्त्राण घालून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. तो पाणी मागत होता. कांतोकु म्हणाले, आधी फेऱ्या. आणि तो पडला. अंबरीष हे सगळं एका दमात बोलला, आणि आईकडे बघत राहिला.

गीता काय म्हणाली? काळीज हललं होतं तिचं, नाही असं नाही. पण जी भीती वाटली ती ताकुमीसाठी नव्हती. ती म्हणाली, "मोठ्यांच्या भानगडीत तू पडू नकोस. तुला अजून अडीच वर्षं काढायचीत तिथे."

तो आणखी काहीतरी सांगणार होता. तोंड उघडलंही होतं त्याने. ती म्हणाली, आधी आंघोळ कर, किती घामेजलायस.

ताकुमी वाचला, पण त्याची किडनी कायमची अधू झाली. विद्यापीठाने चौकशी समिती नेमली. लगोलग पालक मंडळाच्या अध्यक्ष कितामुरा-सान, म्हणजे कितामुराबाई, फोनाफोनी करू लागल्या. इकडे अशी रीत आहे, की कुणावर बालंट आलं की त्याच्या बाजूची माणसं विनंतीपत्रं लिहितात, खाली सहीऐवजी आपल्या आडनावाचा शिक्का मारतात, आणि पत्रांचा गठ्ठा वरिष्ठांकडे जातो. कांतोकुंना काढलं तर मोसम बुडेल, चौथ्या वर्षाच्या मुलांच्या नोकऱ्या बुडतील. तुम्ही परदेशी आहात, बर्वे-सान, तुमच्या शब्दाला वेगळंच वजन येईल, असं त्या म्हणाल्या. आणि जाता जाता, अगदी सहज, असंही म्हणाल्या की पाण्याबद्दल काही लिहिता आलं तर फार बरं होईल.

गीता शाळेत असताना निबंधात कायम पहिली. कुठला शब्द कुठे ठेवला की वाचणाऱ्याचे डोळे भरतात, हे तिला उपजत कळायचं. जपानी तिने सोळा वर्षं घासून घासून शिकलेलं. दोन दिवस बसून तिने ते पत्र लिहिलं. आमच्या देशात गुरूला आईवडिलांच्या बरोबरीने मानतात, असं लिहिलं. आणि मग, पत्र जरा भरीव व्हावं म्हणून, पुढचं लिहिलं: 'माझा मुलगा रोज घरी येऊन मला सांगतो, की कांतोकु आम्हाला वडिलांसारखं जपतात. उन्हाळ्यात कोणी पाणी प्यायचं राहिलं तर ते स्वतः आठवण करतात.' देवदत्तने वाचलं आणि विचारलं, हे अंबरीष म्हणाला? ती म्हणाली, अरे पत्रात लिहावं लागतं तसं. देवदत्तने मान हलवली आणि तो ऑफिसला गेला. त्या माणसाचं आयुष्य मान हलवण्यात गेलं.

तिने बर्वेचं जपानी रूप 'बारुबे' असा कोरलेला शिक्का लाल शाईत बुडवून पत्राखाली दाबला. कितामुरा-सानना ते इतकं आवडलं, की त्यांनी नमुना म्हणून सगळ्या पालकांना पाठवलं. समितीने पुरेसा पुरावा नाही असं म्हणून हिराइवांना ताकीद दिली आणि प्रकरण मिटवलं.

सप्टेंबरात अंबरीष संघाच्या वसतिगृहात राहायला गेला. जायला-यायला वेळ जातो, म्हणाला. त्याच सुमारास तो पहिल्या फळीतून बाहेर पडला आणि बाकावर बसू लागला. गीताने विचारलं तर एकच उत्तर, "बेत्सु नी." म्हणजे, विशेष काही नाही. जेवलास का? बेत्सु नी. दुखतंय का कुठे? बेत्सु नी. तिने त्याला वर उपदेशही केला, की कांतोकुंनी बाकावर बसवलं तर काहीतरी विचार असेल त्यांचा, तू मेहनत वाढव. त्यावर तो जपानीत 'हो' म्हणाला. मराठी त्याने टाकूनच दिली, घरात आणि फोनवरही. ओट्यापाशी ती अजून उजवीकडे सरकायची, आणि मग उगाचच गॅस पुसायची. मूल वयात आलं की असंच, असं मैत्रिणी म्हणाल्या. तिलाही तसंच मानायचं होतं. पण मनाच्या तळाशी तिला ठाऊक होतं, की त्याने ते पत्र वाचलंय. नमुना म्हणून सगळीकडे फिरलेलं पत्र त्याने कसं वाचलं नसेल? तिला पोरगं परत हवं होतं, बाकी काही नको होतं, आणि ते कसं मागायचं तेच कळत नव्हतं.

तर असं सगळं, आणि आता कांतोकु टोकियोला.

पुढच्या रविवारी दुपारी पालकांची बैठक बोलावली. वॉर्डाच्या सभागृहातली खोली, दारात एका रांगेत लावलेल्या स्लिपर, प्रत्येकापुढे हिरव्या चहाची छोटी बाटली. तीस-पस्तीस माणसं, आणि सगळ्यांचे चेहरे घरात चोरी झाल्यासारखे. एक गृहस्थ बोलताना रडले. माझ्या मुलाला त्यांनी चार वर्षांचा शब्द दिला होता, म्हणाले. गीताला त्यांची कीव आली, तिलाही तोच शब्द मिळाला होता. ठरलं असं, की विद्यापीठाला आणि टोकियोच्या त्या विद्यापीठालाही कडक निषेधपत्र पाठवायचं. कितामुरा-सान फळ्यावर मुद्दे लिहू लागल्या. एक, नव्या मोसमाची तयारी सुरू असताना मुलांना वाऱ्यावर सोडलं. दोन, पालकांना विश्वासात घेतलं नाही. तीन, नोकऱ्यांच्या शिफारशी अर्धवट राहिल्या. मग कोणीतरी मागून म्हणालं, ते ऑगस्टातलं प्रकरणही घाला की, वजन येईल. चार, असं लिहून कितामुरा-साननी पुढे लिहिलं: निशिओ-कुन इत्यादी.

इत्यादी! गीता त्या शब्दाकडे बघतच राहिली. ताकुमीची किडनी गेली, आणि ती चौथ्या मुद्द्यात, इत्यादीसकट. निशिओंच्या घरचं बैठकीला कोणीच नव्हतं. ताकुमीने संघ सोडला, तेव्हा त्याची आई आता पालक मंडळात मोडत नव्हती. कांतोकु वाईट का, तर आपल्याला सोडून गेले म्हणून. राहिले असते तर अजून चांगलेच होते. संताप आला तिला सगळ्यांचा, पण कोणत्या तोंडाने संतापणार? आणि नेमकं तेवढ्यात कितामुरा-सान वळून म्हणाल्या, की मसुदा बर्वे-साननीच लिहावा, मागचं पत्र काय सुरेख होतं. पस्तीस माणसांनी टाळ्या वाजवल्या.

मानेवर चटका बसावा तसं झालं तिला. पण नाही म्हणायला जीभ उचलली नाही. बुधवारपर्यंत देते, म्हणाली.

सोमवारी आणि मंगळवारी तिने लिहायचा प्रयत्न केला. तीन मुद्दे झरझर झाले. चौथ्यापाशी हात अडला. ज्या पोराबद्दल लिहायचं त्याच्या आईला न विचारता कसं लिहायचं? हे तिने स्वतःला सांगितलेलं कारण. खरं कारण, पाच महिने ती त्या बाईला चुकवत होती, आणि आता ते तिला सोसवत नव्हतं. बुधवारी तिने पाळणाघरातून अर्ध्या दिवसाची सुटी घेतली आणि स्टेशनवरच्या दुकानातून मिठाईचा खोका घेतला. इकडे माफी मागायला रिकाम्या हाताने जात नाहीत. खोका पिशवीतून काढून दोन्ही हातांनी द्यायचा, पिशवीसकट नव्हे, हेही तिला पाठ होतं. काय बोलायचं तेवढं पाठ नव्हतं.

ताकुमीच्या आईचं, निशिओ-सानचं, स्टेशनमागच्या गल्लीत केस कापायचं दुकान होतं, दोन खुर्च्यांचं. नवरा वारल्यापासून त्या एकट्याच चालवत. संघ हरला की कांतोकुंच्या हुकमाने पोरं याच दुकानात येऊन डोक्याचा चकोट करून घ्यायची, अंबरीषही दोनदा आला होता. गीता आत गेली तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं. ताकुमी कोपऱ्यात टॉवेलच्या घड्या घालत होता. केवढासा झाला होता पोरगा! त्याने उठून वाकून नमस्कार केला, अंबरीष कसा आहे ते विचारलं, आणि आईने डोळ्याने खुणावल्यावर तो आत गेला.

गीताने खोका पुढे केला. निशिओ-साननी तो घेतला नाही. रागाने नव्हे. नम्रपणे हात मांडीवर ठेवूनच त्या म्हणाल्या, की आधी काय म्हणायचंय ते सांगा. मग गीता बोलली. निषेधपत्र, चौथा मुद्दा, तुमची परवानगी. जसजशी बोलत गेली तसतसं तिचं तिलाच ते किती किडकं वाटू लागलं, आणि शेवटी ती थांबून म्हणाली की मी ऑगस्टात जे पत्र लिहिलं ते खरं नव्हतं, त्याची माफी मागायला आलेय.

निशिओ-सान उठल्या. मग गल्ल्याच्या खालच्या कप्प्यातून त्यांनी एक जाड लिफाफा काढला. समितीचा अहवाल. तो फक्त त्यांनाच मिळाला होता. नववं पान उघडून त्यांनी तिच्यापुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "मला वाटलं होतं, तुम्हाला माहीत आहे."

असल्या सरकारी जपानीचं गीताचं वाचन सावकाश. बोट ठेवून ती वाचत गेली. समितीने मुलांना बोलावलं होतं. कोणी काही पाहिलं नव्हतं, कोणाला काही आठवत नव्हतं. एकाच मुलाने, विद्यार्थी 'क', परदेशी नागरिक, आपणहून येऊन सांगितलं होतं की त्या दिवशी ताकुमीने तीनदा पाणी मागितलं आणि कांतोकुंनी देऊ दिलं नाही. त्याखाली समितीचं मत होतं. 'तथापि याच विद्यार्थ्याच्या पालकांनी स्वतंत्रपणे दिलेल्या लेखी निवेदनानुसार, सदर विद्यार्थी रोज घरी याच्या नेमकं उलट सांगत असे. त्यामुळे त्याचं म्हणणं ग्राह्य धरता येत नाही.'

बहात्तर पोरांच्या संघात परदेशी पोरगा एकच होता.

तिने ते तीनदा वाचलं. सत्तर पोरं मूग गिळून बसलेली असताना तिचा पोरगा एकटा उठून गेला होता. ज्या पोराच्या बाकाशेजारी कोणी बसत नव्हतं, तो मिळालेले सगळे मित्र पणाला लावून गेला होता. आणि त्याला खोटं कोणी पाडलं? कांतोकुंनी नाही. कितामुरा-साननी नाही. आईने, सुंदर अक्षरात, शिक्का मारून. पहिल्या फळीतून तो का गेला, मराठी का गेली, हे सगळं त्या एका परिच्छेदात लिहिलेलं होतं.

आपण काय बोलून बाहेर पडलो ते तिला नंतर आठवेना. खोका तिच्या हातातच राहिला होता. निशिओ-सान दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, की अंबरीष-कुन दर महिन्याला येतो, केस कापायचं निमित्त करून. कापण्यासारखे नसले तरी येतो.

बुधवारी दुपारी सराव नसतो. वसतिगृहाची पोरं त्या वेळी विद्यापीठाजवळच्या, नाणी टाकून चालवायच्या धुलाईच्या दुकानात कपडे घेऊन जातात, हे तिला माहीत होतं. दोन गाड्या बदलून ती तिथे पोचली. अंबरीष एकटाच होता, भिंतीलगतच्या बाकावर, समोर यंत्रात जर्सी फिरत होत्या. आईला बघून तो उभा राहिला, जपानीत म्हणाला की काय झालं. ती त्याच्या शेजारी बसली. तोही बसला.

"अहवाल वाचला मी," ती म्हणाली. "निशिओ-सानकडे."

तो यंत्राकडे बघत राहिला. तिला वाटलं, आता 'बेत्सु नी' येणार. तसं झालं असतं तर ती तिथेच मोडून पडली असती.

"मी तुला सांगितलं होतं, आई," तो म्हणाला. मराठीत म्हणाला, पाच महिन्यांनी, शब्द जरा अडखळत. "रोज नाही सांगितलं. एकदाच सांगितलं."

तिला रडू फुटलं. शेजारच्या यंत्राजवळची म्हातारी बघायला लागली, बघू दे. माफ कर, म्हणाली ती, दोनदा, तीनदा. त्याने तिला थांबवलं नाही आणि जवळही घेतलं नाही. जरा वेळाने तिनेच डोळे पुसले, पर्समधून कागद काढला, निषेधपत्राचाच, आणि उलटा केला. कितामुरा-सानना काय वाटायचं ते वाटो. मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायचं पत्र ती समितीला पाठवणार होती, टोकियोच्या त्या विद्यापीठाला पाठवणार होती, आणि पालकांच्या ग्रुपवरही टाकणार होती, नमुना म्हणून. मागचं गेलं होतं ना, मग हेही जाऊ दे.

"त्या दिवशी दारात बसून तू आणखी काहीतरी सांगणार होतास," ती म्हणाली. "मी तुला आंघोळीला पाठवलं. ते सांग आता. जसं आहे तसं लिहिते."

यंत्र थांबलं, कपडे आत पडून राहिले.

"पाणी माझ्याच हातात होतं," तो म्हणाला. "पाण्याच्या बाटल्या सांभाळायची त्या दिवशी माझी पाळी होती. ताकुमीने कांतोकुंकडे नाही मागितलं. माझ्याकडे मागितलं, तीनदा. कांतोकु माझ्याकडे बघत होते, आणि मी नाही दिलं. समितीला मी एवढं सोडून सगळं सांगितलं."

गीताचे हात कागदावर तसेच राहिले. मोठ्यांच्या शब्दाबाहेर जायचं नाही, त्यांच्यापुढे उलटून बोलायचं नाही. हे त्याला जपानने थोडंच शिकवलं होतं! तो तीन वर्षांचा असल्यापासून तिने ते त्याला वरणभातासारखं भरवलं होतं. त्या माणसाच्या पायाशी त्याला वाकवताना त्याच्या पाठीवर जो हात होता तो तिचाच होता, आणि तो तिने कधी उचललाच नव्हता.

"ताकुमीला माहीत आहे," अंबरीष म्हणाला. "तो काही बोलत नाही. मी जातो, त्याची आई केस कापते, मी येतो." मग तो तिच्याकडे वळला. "ते पण लिही. माझ्या नावाने लिही."

"लिहिते," गीता म्हणाली. "पण आधी माझं. मग तुझं."

ती बाकावरच थोडी उजवीकडे सरकली, आणि पर्स मांडीवर आडवी ठेवून तिच्यावर कागद धरला. अंबरीषने खालून पर्सला हात लावला, हलू नये म्हणून. तिने पहिली ओळ लिहिली: ऑगस्टात मी दिलेलं पत्र खोटं आहे. माझ्या मुलाने मला खरं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.